खताच्या गोणीपासून सदिश अवकाशापर्यंत : रेषीय बीजगणिताचे पाठ्यपुस्तक वाचताना

कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय निघाला, की पाठोपाठ ‘लिनिअर अल्जिब्रा पक्के करा’ हा सल्ला येतोच. नांदेड, परभणी, लातूर किंवा बीडच्या महाविद्यालयात विज्ञान वा अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलामुलींना तो वर्गात मिळतो आणि मोबाइलवरच्या व्याख्यानांतही मिळतो. मग ग्रंथालयातून एक जाडजूड इंग्रजी पाठ्यपुस्तक घरी येते. पहिली तीस-चाळीस पाने सुरळीत जातात, कारण तेथे समीकरणे सोडवायची असतात आणि ते काम दहावीपासून हाताखालचे असते. त्यानंतर एका पानावर ‘सदिश अवकाशा’ची आठ-दहा अटींची व्याख्या येते, तिच्यात एकही आकडा नसतो, आणि वाचनखूण बहुधा त्याच पानात अडकून राहते.

हा लेख त्या पानापाशी थांबलेल्यांसाठी आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की या विषयाचे पुस्तक वरवर शेकडो व्याख्यांचे दिसत असले, तरी ते आरंभापासून अखेरपर्यंत दोनच प्रश्न विचारत असते : हवे तेथे पोहोचता येईल का, आणि पोहोचता येत असेल तर किती वाटांनी? हे दोन प्रश्न हाताशी ठेवून वाचणाऱ्याला प्रत्येक नवी व्याख्या यांपैकी कोणत्या प्रश्नासाठी आली आहे हे ओळखता येते, आणि ते ओळखता आले की निम्मे ओझे उतरते.

‘रेषीय’ म्हणजे नेमके काय

किराणा दुकानात दोन किलो तुरीच्या डाळीला जेवढे पैसे पडतात, त्याच्या दुप्पट पैसे चार किलोला पडतात. आणि डाळ व गूळ एकत्र घेतले तर बिल दोन वेगवेगळ्या बिलांच्या बेरजेइतके येते. पट केली तर पट आणि बेरीज केली तर बेरीज, या दोन गोष्टी जेथे पाळल्या जातात त्या व्यवहाराला रेषीय म्हणतात. विजेचे बिल असे नसते, कारण युनिटांचे टप्पे वाढत जातात तसा दरही वाढतो, त्यामुळे दुप्पट वापराचे बिल दुपटीपेक्षा जास्त येऊ शकते. शेतातले उत्पन्नही रेषीय नाही. खत दुप्पट टाकले म्हणून सोयाबीन दुप्पट होत नाही, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. परंतु खतातून जमिनीत किती अन्नद्रव्य गेले याचा हिशेब मात्र पूर्णपणे रेषीय असतो, आणि पुढचे सगळे विवेचन मी या हिशेबावरच उभे करणार आहे.

गोणीवर छापलेला सदिश

कृषी सेवा केंद्रात मांडलेल्या गोण्यांवर १०:२६:२६, १८:४६:० असे आकडे असतात. त्यांचा अर्थ घरातल्या मोठ्यांना पाठ असतो : शंभर किलो खतात नत्र, स्फुरद आणि पालाश हे अनुक्रमे किती किलो आहेत. डीएपी १८:४६:० असते, युरिया ४६:०:०, पोटॅश ०:०:६० आणि सिंगल सुपर फॉस्फेट ०:१६:०. क्रम ठरलेला असलेली आकड्यांची अशी यादी म्हणजेच सदिश, वर्गात ज्याला व्हेक्टर म्हणतात तो. पदार्थविज्ञानात शिकलेला बाण हे त्याचे एक रूप आहे, पण एकमेव रूप नाही. बाणाचे चित्र दोन किंवा तीन आकड्यांपर्यंत साथ देते. चौथा आकडा आला की चित्र संपते, यादी मात्र पुढे कितीही वाढू शकते.

सदिशांच्या बाबतीत दोनच कृती महत्त्वाच्या आहेत. त्यांची बेरीज करता येते, म्हणजे दोन खते मिसळता येतात. आणि त्यांना एखाद्या संख्येने गुणता येते, म्हणजे गोण्या कमी-जास्त करता येतात. या दोन्ही कृती एकत्र वापरून जे मिश्रण तयार होते त्याला पुस्तक रेषीय संयोजन म्हणते. शब्द मोठा आहे. वस्तू म्हणजे खळ्यावर फावड्याने एकत्र केलेले खत आहे.

पहिले प्रकरण : पोहोचण्याचा हिशेब

उदाहरणापुरते असे समजू, की एका हेक्टर सोयाबीनला ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ३० किलो पालाश द्यायचे आहे, आणि हाताशी युरिया, डीएपी व पोटॅश आहे. तीन अज्ञातांची तीन समीकरणे मांडता येतील. पण ती मांडण्यापूर्वी जाणता शेतकरी हिशेब कोठून सुरू करील, याचा विचार करावा. तो स्फुरदापासून सुरुवात करतो, कारण या तिघांत स्फुरद फक्त डीएपीत आहे. ६० किलो स्फुरदासाठी सुमारे १३०.४ किलो डीएपी लागेल. त्याबरोबर सुमारे २३.५ किलो नत्र आपोआप येईल. उरलेल्या साडेसहा किलो नत्रासाठी सुमारे १४.२ किलो युरिया पुरेल, आणि पालाशासाठी ५० किलो पोटॅश लागेल.

पुस्तकातील पहिल्या प्रकरणाची रीत हीच आहे. एक अज्ञात एकटा सापडेल अशी स्थिती आणायची, त्याची किंमत काढायची आणि ती मागच्या समीकरणांत घालत जायचे. येथे एक अज्ञात सुरुवातीपासूनच एकटा होता. जेथे तो नसतो तेथे एका समीकरणाची पट दुसऱ्यातून वजा करून त्याला एकटे पाडायचे असते, आणि त्या वजाबाक्यांनाच निरसन म्हणतात. गाउस या जर्मन गणितज्ञाचे नाव या रीतीला चिकटले असले, तरी ‘नऊ प्रकरणे’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी ग्रंथात ती आढळते. आपल्याकडे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अनेक अज्ञातांच्या समीकरणांना ‘अनेकवर्ण समीकरण’ म्हटले आणि अज्ञातांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे दिली. पहिले अज्ञात सोडले, तर बाकीची नावे रंगांची आहेत. एक्स, वाय, झेड पाहून ज्याला परकेपणा वाटतो, त्याने वहीत काही दिवस काळा, निळा, पिवळा लिहून पाहावे. गणित तसूभरही बदलत नाही.

या प्रकरणात निश्चयकही (डिटर्मिनंट) येतो, म्हणजे समीकरणांतील सहगुणकांच्या चौकटीतून काढलेली एक संख्या. दहावीत क्रेमरच्या पद्धतीने समीकरणे सोडवलेली असल्यामुळे विद्यार्थी त्यालाच घट्ट धरून राहतात. गाब्रिएल क्रेमर यांनी ती पद्धत १७५० साली प्रसिद्ध केली आणि दोन अज्ञातांसाठी ती सुबक आहे. परंतु २० अज्ञातांचा निश्चयक विस्तार करून काढू गेल्यास सुमारे २४ वर १७ शून्ये इतकी पदे लिहावी लागतील, तर निरसनाने तेच काम काही हजार गुणाकारांत संपते. निश्चयकाचा खरा उपयोग उत्तर काढण्यात नाही. दोन सदिशांनी तयार होणाऱ्या समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ तो सांगतो, आणि तो शून्य आला तर चौकोन चपटा होऊन रेषेत कोसळला आहे, म्हणजे सगळीकडे पोहोचता येणार नाही, अशी सूचना देतो. तेवढे लक्षात ठेवून पुढे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोठवर पोहोचता येते

समजा, दुकानात डीएपी संपले आहे आणि फक्त युरिया व पोटॅश उरले आहे. कितीही गोण्या आणल्या आणि कशाही मिसळल्या, तरी स्फुरदाचा आकडा शून्यच राहील. जेथे जेथे पोहोचता येते त्या सर्व मिश्रणांच्या समूहाला त्या दोन सदिशांची व्याप्ती म्हणतात. येथे ती एक सपाट पातळी आहे, आणि आपले ३०:६०:३० हे लक्ष्य त्या पातळीच्या बाहेर आहे. समीकरणांना उत्तर नाही, असे पुस्तक म्हणते तेव्हा त्याचा अर्थ इतका साधा असतो.

आता उलट बाजू पाहू. दुकानात चौथी गोणी आली, सुपर फॉस्फेटची. तिच्यामुळे नवीन कोठे पोहोचता येते का? नत्र, स्फुरद आणि पालाश एवढेच मोजायचे असतील तर नाही, कारण स्फुरद डीएपीतून मिळतच होते. ज्या सदिशाने व्याप्ती वाढत नाही तो इतरांवर अवलंबून असतो. आणि ज्या समूहात असा एकही सदिश नसतो तो समूह रेषीयदृष्ट्या स्वतंत्र असतो. स्वतंत्रही आहेत आणि सगळीकडे पोहोचवतातही, अशा सदिशांच्या समूहाला आधार म्हणतात. युरिया, डीएपी आणि पोटॅश हा एक आधार झाला. युरिया, सुपर फॉस्फेट आणि पोटॅश हा दुसरा.

दोन्ही आधारांत तीनच गोण्या आहेत, हा योगायोग नाही. आधार कोणताही निवडा, त्यातील सदिशांची संख्या तेवढीच येते, आणि त्या संख्येला मिती म्हणतात. हे प्रमेय पुस्तकात एका पानाच्या सिद्धतेसह येते आणि अनेक जण ती सिद्धता पाठ करतात. तसे करण्याची गरज नाही. तिचा गाभा असा आहे, की जुन्या आधारातील एक गोणी काढून तिच्या जागी नवी ठेवत गेले, तरी पोहोच तेवढीच राहते, म्हणून नव्या गोण्यांची संख्या जुन्यांपेक्षा जास्त होऊ शकत नाही. आपण डीएपीच्या जागी सुपर फॉस्फेट ठेवले तेव्हा नेमके हेच केले. गणितात ही कल्पना स्टाइनिट्झ यांच्या नावाने ओळखली जाते.

किती वाटांनी : बदलीचे गणित

खरिपाच्या तोंडावर डीएपीची टंचाई झाली, की त्याऐवजी सुपर फॉस्फेट आणि युरिया वापरा, असे सांगितले जाते. त्यामागचा हिशेब करून पाहू. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते. सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या गोणीत ८ किलो स्फुरद असते आणि युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असते. म्हणजे डीएपीची एक गोणी काढली, तर २.८७५ गोण्या सुपर फॉस्फेट आणि सुमारे ०.४३ गोणी युरिया घालून तिची भरपाई होते. ही ‘बदली’ एक सदिश म्हणून लिहिता येते : डीएपी उणे १, सुपर फॉस्फेट अधिक २.८७५, युरिया अधिक ०.४३, पोटॅश शून्य. या बदलीने जमिनीत जाणाऱ्या अन्नद्रव्यांत काहीच फरक पडत नाही.

ज्या बदलांचा परिणाम शून्य असतो, त्या सर्व बदलांच्या समूहाला पुस्तक शून्यावकाश म्हणते, आणि संपूर्ण विषयात विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त अडवणारी संकल्पना ती हीच. परिणाम शून्य असणाऱ्या गोष्टीचा अभ्यास कशासाठी करायचा, असे वाटणे स्वाभाविक आहे. उत्तर असे, की दुसरा प्रश्न, म्हणजे ‘किती वाटांनी’, पूर्णपणे तिच्यावर अवलंबून असतो. एक उत्तर सापडले की त्यात ही बदली अर्धी, पाव, दीड किंवा उलटी, अशी हवी तितकी मिळवत गेले, तर बाकीची सगळी उत्तरे मिळतात, आणि या पद्धतीने न मिळणारे एकही उत्तर शिल्लक राहत नाही. चार प्रकारच्या गोण्या आहेत, त्या तीन दिशांना पोहोचवतात, म्हणून एका दिशेने बदलीची मुभा उरते : चार बरोबर तीन अधिक एक. या बेरजेला रँक-नलिटी प्रमेय म्हणतात : पोहोचण्याच्या दिशांची संख्या म्हणजे रँक आणि मुभेच्या दिशांची संख्या म्हणजे नलिटी. परीक्षेत ते सूत्र म्हणून येते. पण पोहोच जितकी वाढते तितकी मुभा कमी होते, हा त्याचा आशय सूत्रापेक्षा फार मोलाचा आहे.

सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे ११ टक्के गंधकही असते, हे मी आतापर्यंत बाजूला ठेवले होते. सोयाबीनसारख्या गळिताच्या पिकाला गंधक उपयोगी असते, म्हणून ते मोजायचे ठरवले, की यादीत चौथा आकडा येतो. आता डीएपी काढून सुपर फॉस्फेट घातल्यास प्रत्येक गोणीमागे जवळपास १६ किलो गंधक जास्तीचे जाते, म्हणजे ती बदली ‘परिणाम शून्य’ राहत नाही. चार गोण्या, चार दिशा, आणि मुभा शून्य. गोण्या त्याच आहेत, दुकानही तेच आहे. आपण काय मोजतो ते बदलले आणि उत्तरांची संख्या अगणितावरून एकावर आली. हा अनुभव स्वतःच्या वहीत एकदा घेतलेला विद्यार्थी शून्यावकाश हा शब्द पुन्हा विसरत नाही.

‘उणे गोणी कोठे असते?’

हा आक्षेप वर्गात येतो आणि तो योग्य आहे. १०:२६:२६ हे मिश्रण युरिया, डीएपी आणि पोटॅश यांपासून हुबेहूब करता येईल का, हे तपासून पाहावे. शंभर किलोतील २६ किलो स्फुरदासाठी सुमारे ५६.५ किलो डीएपी लागते, पण त्यातून १०.१७ किलो नत्र येते, म्हणजे हवे त्यापेक्षा थोडे जास्त. समीकरण मग उत्तर देते : युरिया उणे ०.३८ किलो. गणिताच्या दृष्टीने उत्तर अचूक आहे, पण मिसळलेल्या खतातून युरिया परत काढता येत नाही.

म्हणून काटेकोरपणे बोलायचे तर गोण्यांचा ढीग हा सदिश अवकाश नाही. गोण्यांमधील बदल, म्हणजे वाढ आणि घट, हा सदिश अवकाश आहे. बदल उणे असू शकतो, शून्य असू शकतो, उलटवता येतो. त्या अडलेल्या पानावरील अटी नेमक्या याच गोष्टी मागत असतात : कोणत्याही दोन सदिशांची बेरीज त्याच समूहात राहिली पाहिजे, शून्य सदिश असला पाहिजे, प्रत्येकाचा विरुद्ध सदिश असला पाहिजे, बेरीज आणि पट यांचे नेहमीचे नियम चालले पाहिजेत. उणे उत्तर चालतच नाही अशा प्रश्नांसाठी रेषीय नियोजन नावाची वेगळी शाखा आहे आणि ती पुढे शिकता येते.

ती व्याख्या इतकी कोरडी का

व्याख्येचे पान समोर आल्यावर स्वतःच्या बुद्धीविषयी शंका घेणाऱ्या विद्यार्थ्याने या विषयाचा कालक्रम पाहावा. समीकरणे सोडवण्याची रीत दोन हजार वर्षांची आहे. ओळी-स्तंभांत मांडलेल्या आकड्यांच्या तक्त्यासाठी मॅट्रिक्स हा शब्द जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर यांनी १८५० साली वापरला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गर्भाशय, कारण त्यातून निश्चयक जन्म घेतात अशी त्यांची कल्पना होती. आर्थर केली यांनी मॅट्रिक्सच्या बेरीज-गुणाकाराचे नियम १८५८ च्या निबंधात मांडले. हर्मान ग्रासमान या जर्मन शाळाशिक्षकाने १८४४ साली कितीही मितींच्या अवकाशाची कल्पना ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, पण ती समजून घेणारे वाचक त्याला फारसे लाभले नाहीत. सदिश अवकाशाच्या अटी आजच्या स्वरूपाच्या जवळ जाणाऱ्या रीतीने ज्युझेप्पे पेआनो यांनी लिहिल्या, त्या १८८८ साली.

म्हणजे माणसाला जेथे पोहोचायला सुमारे दोन सहस्रके लागली, तेथे पाठ्यपुस्तक विद्यार्थ्याला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेऊन उभे करते. अडखळणे हा दोष नाही. आणि ती व्याख्या कोरडी आहे, याचे कारण ती कोणत्याही एका वस्तूविषयी नाही. बहुपदींची बेरीज होते, त्यांची पट होते, ध्वनिलहरींची होते, विशिष्ट अवकल (डिफरेन्शियल) समीकरणांच्या उत्तरांचीही होते. या सर्वांसाठी वेगवेगळी प्रमेये सिद्ध करण्याऐवजी, ज्या अटींवर ती प्रमेये उभी आहेत तेवढ्याच अटी लिहून ठेवल्या, की एकदा केलेले काम सगळीकडे चालते. म्हणून व्याख्या पाठ करण्याऐवजी प्रत्येक अटीसाठी ती मोडणारे एक उदाहरण शोधावे. उणे गोणी चालत नाही, हे असेच एक उदाहरण होते.

मॅट्रिक्सचा गुणाकार असा उफराटा का

ओळ घ्यायची, स्तंभ घ्यायचा, घटकाला घटक गुणायचा आणि बेरीज करायची, हा नियम अकरावी-बारावीत कारणाविना शिकलेला असतो. कारण असे आहे. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा तक्ता खरा, पण त्याचे काम एका यादीचे दुसऱ्या यादीत रूपांतर करणे हे आहे. एक तक्ता सांगतो, कोणत्या पिकाच्या एका एकराला कोणत्या खताच्या किती गोण्या लागतात. दुसरा सांगतो, कोणत्या खताच्या एका गोणीत कोणते अन्नद्रव्य किती किलो आहे. आता कापसाच्या एका एकरामागे जमिनीत नत्र किती जाते? समजा, एकराला डीएपीच्या दोन आणि युरियाची एक गोणी लागते. मग दोन नव्वे अठरा आणि त्यात २०.७ मिळवून ३८.७ किलो. हा हिशेब कोणीही बोटांवर करील, आणि तोच ओळ-गुणिले-स्तंभ आहे. गुणाकार म्हणजे एकामागून एक केलेली दोन रूपांतरे. म्हणूनच क्रम बदलला की उत्तर बदलू शकते, किंवा गुणाकाराला अर्थच उरत नाही.

आयगेन सदिश : जी दिशा बदलत नाही

हे प्रकरण सत्राच्या शेवटी घाईत उरकले जाते, याचे मला फार वाईट वाटते, कारण येथे विषयाचे फळ आहे. कल्पना करा, एका शिवारात ३०० एकर जमीन आहे आणि तेथे फक्त कापूस किंवा सोयाबीन घेतले जाते. दरवर्षी कापसाखालील ८० टक्के क्षेत्र कापसाखालीच राहते आणि २० टक्के सोयाबीनकडे वळते. सोयाबीनचे ९० टक्के तेथेच राहते आणि १० टक्के कापसाकडे येते. सर्व ३०० एकर कापसापासून सुरुवात केली, तर पुढच्या वर्षी कापूस २४० एकर, त्यानंतर १९८, त्यानंतर १६८.६ असा कमी होत जातो. हे कोठे थांबेल?

१०० एकर कापूस आणि २०० एकर सोयाबीन असेल, तर जितके क्षेत्र इकडून तिकडे जाते तितकेच परत येते, म्हणजे वीस एकर जातात आणि वीस एकर येतात. हा सदिश रूपांतरानंतरही तसाच राहतो. रूपांतराने ज्याची दिशा बदलत नाही, फक्त पट बदलू शकते, तो आयगेन सदिश, आणि ती पट म्हणजे आयगेन मूल्य. ‘आयगेन’ या जर्मन शब्दाचा अर्थ ‘स्वतःचा’. येथे एक मूल्य १ आहे. दुसरे मूल्य शोधण्यासाठी कापसाचे क्षेत्र १०० पासून किती दूर आहे ते पाहावे : २००, १४०, ९८, ६८.६. दरवर्षी अंतर ०.७ पट होते, आणि ०.७ हेच दुसरे आयगेन मूल्य आहे. पहिल्या मूल्याचा सदिश कोठे पोहोचणार ते सांगतो, दुसरे मूल्य किती वेगाने पोहोचणार ते सांगते. गूगलच्या संस्थापकांनी १९९८ साली मांडलेली पेजरँक ही रीत, ज्यात दुव्यांच्या आधारे इंटरनेटवरील पानांचे महत्त्व ठरते, मुळात हेच गणित करते. तेथे पिकांच्या जागी पाने असतात आणि शेतकऱ्यांच्या जागी वाचक.

‘संगणक करतो, मग आपण कशाला?’

आकडेमोड संगणकानेच करावी, यात वाद नाही. २०२० साली आलेल्या जीपीटी-३ या भाषा-प्रारूपात शब्दाचा प्रत्येक तुकडा १२,२८८ आकड्यांच्या सदिशाने दर्शवला जातो आणि त्या सदिशांवर मॅट्रिक्सचे प्रचंड गुणाकार होतात. ते हाताने करण्याचा प्रश्नच येत नाही. परंतु काय मोजायचे, दोन स्तंभ एकमेकांवर अवलंबून आहेत का, उत्तर एकच आहे की अगणित, आणि उणे ०.३८ किलो युरिया या उत्तराचे काय करायचे, हे ठरवणे संगणकावर सोपवता येत नाही. गंधक मोजायचे की नाही, हा निर्णय वर कोणत्याही समीकरणाने घेतलेला नव्हता. शिवाय तीन-तीनच्या दहा-बारा उदाहरणांत स्वतः निरसन केल्याशिवाय रँक म्हणजे काय हे उमगत नाही, असे मला शिकवताना वारंवार आढळले आहे.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

इंग्रजी पुस्तकातील अवघड पारिभाषिक शब्दांची भीती अनाठायी असते, कारण ते सर्वांनाच नवे असतात आणि त्यांची व्याख्या दिलेली असते. खरी फसगत छोट्या शब्दांत होते. ‘फॉर एव्हरी’ म्हणजे प्रत्येकासाठी आणि ‘देअर एक्झिस्ट्स’ म्हणजे असा निदान एक तरी आहे. या दोहोंचा क्रम बदलला की विधान बदलते. प्रत्येक सदिशासाठी त्याचा विरुद्ध सदिश असतो, हे खरे. सर्व सदिशांसाठी मिळून एकच विरुद्ध सदिश असतो, हे साफ खोटे. ‘एनी’ हा शब्द तर कधी ‘कोणताही घ्या, म्हणजे प्रत्येक’ या अर्थाने येतो आणि कधी ‘एखादा असला तर’ या अर्थाने. प्रमेय वाचताना या तीन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि विधान मराठीत, आपल्या घरच्या बोलीत, मोठ्याने म्हणून पाहावे. जेथे बोलताना अडखळायला होते तेथेच समज अपुरी असते.

सिद्धता वाचताना एक अट झाकून ठेवावी आणि युक्तिवाद कोणत्या ओळीवर मोडतो ते शोधावे. एका बैठकीत दोन पानांपेक्षा जास्त पुढे जाण्याचा हट्ट धरू नये. या विषयात दोन पाने म्हणजे एक संध्याकाळ, आणि ती वेगाची तक्रार नव्हे. परीक्षेला आकडेमोडच येते म्हणून सिद्धता सोडणाऱ्यांना गुण मिळतीलही, परंतु पुढच्या वर्षी तीच कल्पना फलनांच्या (फंक्शन) अवकाशात भेटते तेव्हा आकडे नसतात आणि हाती काहीच उरत नाही.

ज्याला हा लेख वहीवर तपासून पाहायचा आहे त्याने युरिया, डीएपी, सुपर फॉस्फेट आणि पोटॅश यांच्या जोडीला पाचवी गोणी १०:२६:२६ ची ठेवावी, गंधकही मोजावे, आणि परिणाम शून्य असणारी बदली आता सापडते का ते शोधावे. सापडल्यावर यादीत जस्ताचा पाचवा आकडा घालावा आणि या पाचांपैकी एकाही गोणीत जस्त नाही असे धरून दोन्ही प्रश्न पुन्हा विचारावेत.